मुलाची ऑटिझमची अ‍ॅसेसमेंट आहे, तिथे नक्की काय काय होतं?

मिरजेची_आई | ३ जून, रात्री ११:५२

नमस्कार. इथे दीड-दोन वर्षं नुसती वाचतेय, लिहायचं धाडस आज झालं. मुलगा ३ वर्षं ४ महिन्यांचा आहे. ए टू झेड, रंग, १ ते ५० आकडे सगळं इंग्रजीत म्हणतो, यूट्यूबवरची गाणी त्याच सुरात म्हणतो, पण तहान लागली की माझं मनगट धरून मला माठापाशी नेतो आणि माझा हात तोटीवर ठेवतो. "आई, पाणी" असं एकदाही म्हणालेला नाही. हाक मारली तर वळत नाही, आणि बिस्किटाचा पुडा फोडला तर आतल्या खोलीतून धावत येतो. बाहेरच्या सगळ्या चपला एका ओळीत लावतो, कुणी एक हलवली की अर्धा-अर्धा तास रडतो.

सव्वादोन वर्षांचा असताना आमच्या डॉक्टरांनी एक २० प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला होता, एम-चॅट की काय ते. त्यात ऑटिझमची रिस्क आली होती. घरी सगळे म्हणाले थांबू, बोलेल, आणि मी थांबले. ते मला आता फार लागतंय.

१५ आणि १६ तारखेला पुण्यात अपॉइंटमेंट आहे, डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन (मुलांची वाढ-विकास बघणारे डॉक्टर) आणि सायकॉलॉजिस्ट दोघांची. दोन दिवस का लागतात? त्याला काय करायला लावतात? तो नवीन जागी गेला की रडून गोंधळ घालतो, त्याने काहीच केलं नाही तर मतिमंद म्हणून लिहून देतील का? मी गेले आठ दिवस रोज संध्याकाळी त्याला समोर बसवून "माझ्याकडे बघ", "टाटा कर", "नाक कुठाय" असं करून घेतेय, म्हणजे तिथे निदान एवढं तरी येईल. कुणी या सगळ्यातून गेलं असेल तर प्लीज सांगा, मला रात्र रात्र झोप नाहीये.

---

चाफ्याचं_झाड | ४ जून, सकाळी ६:४०

ताई, पहिलं काम म्हणजे ती संध्याकाळची शिकवणी आजपासून बंद करा. रागावून म्हणत नाहीये, मी अगदी हेच केलं होतं म्हणून सांगतेय.

माझी लेक आता ९ वर्षांची आहे. ती चार वर्षांची असताना आमची पहिली अ‍ॅसेसमेंट झाली, नाशिकला. मी महिनाभर आधीपासून तिला घोकून घेतलं, नाव काय, शाळा कुठली, डोळ्यांत बघून बोल. आणि ती मुळातच नक्कल फार छान करते. तिथे मॅडमनी विचारलं "रोज खेळते का इतर मुलांशी", मी म्हटलं हो हो खेळते की, खरं तर ती मुलांच्या शेजारी बसून एकटीच खडे मोजायची. "रात्री झोप कशी?" "चांगली." साफ खोटं, ती दोन-दोन वाजेपर्यंत जागी असायची. मला वाटायचं खरं सांगितलं तर आई म्हणून मीच नापास. तासाभरात आम्ही बाहेर, रिपोर्ट आला की भाषा थोडी मागे आहे, शाळेत घाला, सुधारेल. मी त्या दिवशी पेढे आणले होते.

पुढचं दीड वर्ष शाळेत जे काय झालं ते मी इथे लिहीत नाही. साडेपाचव्या वर्षी दुसरीकडे परत सगळं केलं, या वेळी सगळं खरं सांगितलं, आणि मग थेरपी सुरू झाली. ते दीड वर्ष माझ्या उत्तरांमुळे गेलं, मुलीमुळे नाही. त्यांना तासा-दोन तासात जेवढं दिसतं तेवढं दिसतं, बाकीचे २२ तास फक्त तुम्हाला माहीत असतात. ते जसेच्या तसे त्यांच्यासमोर ठेवा.

---

रानजाई | ४ जून, दुपारी २:१५

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे मुलांना रोजची कामं जमावीत म्हणून थेरपी देते, पुण्यातच, निदान मी करत नाही पण अशा टीमबरोबर अकरा वर्षं काम करतेय, त्यामुळे आतून कसं चालतं ते सांगते. जागोजागी थोडा फरक असतो हे धरून चाला.

आधी एक गोष्ट, कानांची तपासणी झालीय का? हाकेला वळत नाही म्हटल्यावर ती आधी लागतेच. पुडा फोडल्याचा आवाज येतो म्हणजे ऐकू येतं असं घरी सगळ्यांना वाटतं, पण काही आवाज ऐकू येतात आणि बोलण्यातले काही येत नाहीत असंही असू शकतं. बेरा ही कानांची टेस्ट झोपेत करतात, कधी कधी झोपेचं औषध देऊन. मिरज-सांगलीलाच करून रिपोर्ट बरोबर न्या, पुण्यातला अर्धा दिवस वाचेल.

आता दोन दिवस कशाला. पहिला मोठा भाग तुमच्याशी गप्पांचा. गरोदरपण कसं होतं, बाळ लगेच रडलं का, काचेत ठेवलं होतं का, मान कधी धरली, कधी चालला, पहिला शब्द कोणता, आणि आलेले शब्द मधेच गेले का. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा असतो, काही मुलांमध्ये दीड वर्षाच्या आसपास येत असलेले चार-पाच शब्द बंद होतात. जुने व्हिडिओ बघून ठेवा, पहिल्या वाढदिवसाचा असेल तर तो नक्की न्या. बाळाची फाईल, लसीचं कार्डही.

मग मुलाबरोबरचा भाग. लांबून बघणाऱ्याला वाटेल की नुसतं खेळतायत. साबणाचे फुगे उडवतात आणि मधेच थांबतात, तो "अजून" असं कसं सांगतो ते बघायला. रबरी फुगा फुगवून सोडून देतात. बाहुलीचा वाढदिवस करतात, तो बाहुलीला केक भरवतो की चमचा नुसता गोल गोल फिरवत बसतो. मागून हाक मारतात. लांबचं खेळणं बोटाने, कधी नुसत्या नजरेने दाखवतात, त्याची नजर त्या दिशेला जाते का. अ‍ॅडॉस म्हणतात ती चाचणी अशीच असते, साधारण पाऊण ते एक तास. सगळीकडे ती नसते, कारण तिचं वेगळं ट्रेनिंग लागतं आणि किट महाग आहे. बऱ्याच ठिकाणी कार्स वापरतात, त्यात १५ मुद्दे असतात आणि ३० च्या पुढे स्कोअर गेला की ऑटिझमकडे बोट जातं. आपल्याकडची इसा नावाची चाचणी आहे, त्यात ४० मुद्दे असतात.

याशिवाय त्याचं वय आणि त्याला येणाऱ्या गोष्टी यांची तुलना करतात. लाकडी पाटीत आकार बसवायला देतात, ते आपली मुलं बहुतेक वेळा झरझर करतात आणि आईचा चेहरा फुलतो, बघायला फार छान वाटतं. आणि व्हीएसएमएस, म्हणजे व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल, म्हणून असते ती मुलाला नाही, तुम्हाला विचारून भरतात, स्वतः भांड्याने पाणी पितो का, चप्पल घालतो का, शी-शू सांगतो का. आपल्याकडे चालते ती मालिन यांनी नागपुरात भारतीय मुलांसाठी बसवलेली आहे.

रडला तर? रडू दे. रडतो कसा, कुणाकडे जातो, शांत कशाने होतो, हेही बघितलंच जातं. रडून काहीच झालं नाही तर चांगले लोक परत बोलावतात, त्या रडण्यावर आकडा लिहून मोकळे होत नाहीत. आणि मतिमंद हा शब्द आता कुणी लिहीत नाही, बौद्धिक अक्षमता म्हणतात, ती ऑटिझमपेक्षा वेगळी गोष्ट आहे, काही मुलांत दोन्ही असतं, काहींत नसतं. तीन वर्षांच्या न बोलणाऱ्या मुलाच्या बुद्धीचा आकडा कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तिथे मीसुद्धा प्रश्न विचारेन.

---

आबा_कोरेगाव | ४ जून, रात्री ८:०५

पोरी, वडीलकीच्या नात्याने सांगतो, एवढी घाबरू नकोस. आमच्या घरात माझा धाकटा भाऊ पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, पुढे तलाठी म्हणून रिटायर झाला. मुलगे उशिरा बोलतात. आणि हा मोबाईल, तो आधी घरातून काढा. हल्ली सगळ्या पोरांना त्याच्यामुळेच हे होतंय. एकदा शिक्का बसला की शाळावाले दारात उभं करत नाहीत, हेही ध्यानात घे.

---

चाफ्याचं_झाड | ४ जून, रात्री ९:३०

आबा, तुमची काळजी कळते, माझे सासरेही हेच म्हणायचे. पण उशिरा बोलणारं मूल बोट दाखवतं, हातवारे करतं, आईला ओढून नेऊन काऊ दाखवतं, नवीन फ्रॉक घातला की सगळ्यांपुढे मिरवतं. शब्द नसले तरी सांगणं चालूच असतं. ताईंच्या मुलाचं ते सांगणंच अडलंय, म्हणून तपासायचं. तपासून काही निघालं नाही तर दोन दिवस आणि काही पैसे गेले, बस. मोबाईल कमी करायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही, पण "मीच मोबाईल दिला म्हणून झालं" हे ओझं त्या आईच्या डोक्यावर नका ठेवू.

---

एडिसनकर | ५ जून, पहाटे ४:१०

न्यू जर्सीहून लिहितोय, इथे रात्र व्हायचीय. आमच्या मुलाची अ‍ॅसेसमेंट तीन वर्षांच्या आत अर्ली इंटरव्हेन्शन या लहान मुलांसाठीच्या सरकारी कार्यक्रमातून झाली आणि नंतर शाळेच्या डिस्ट्रिक्टने परत केली, इथे ती सरकारकडून असते, पैसे लागत नाहीत. (वर व्हीएसएमएसचा उल्लेख आला, त्यातलं व्हाइनलँड हे इथलंच, न्यू जर्सीतलं गाव आहे. मिरजेच्या मुलाची चौकशी त्या चाचणीने होणार हे वाचून मला उगाच जवळचं वाटलं.)

मला एकच मुद्दा मांडायचाय, भाषा. आम्ही घरी मराठी बोलतो. पहिल्या वेळी सगळं इंग्रजीत विचारलं, व्हेअर इज युअर नोज, पोरगा दगडासारखा बसून राहिला. बायकोने तिथल्या तिथे परवानगी काढून "नाक दाखव बरं" म्हटलं तर लगेच बोट नाकावर. दुसऱ्या वेळी दुभाषी मागून घेतला. तुमच्याकडे उलटं होऊ शकतं, आकडे-रंग इंग्रजीत येतात म्हणून समोरचा माणूस इंग्रजी नाहीतर हिंदी सुरू करेल. आधीच सांगा की याला समजतं ते मराठीतून, त्यातही घरातले शब्द कोणते ते. आमच्याकडे झोपायला "गाई गाई" म्हणायचे, "झोप" म्हटलेलं त्याला कळायचंच नाही. असे पंधरा-वीस शब्द कागदावर लिहून द्या.

---

निळी_शाल | ५ जून, सकाळी ११:२०

मी आई नाही, मी स्वतः ऑटिस्टिक आहे. ३६ वर्षांची, ठाण्याला राहते, निदान दोन वर्षांपूर्वी झालं. मोठ्यांचं वेगळं असतं, खेळणी नसतात, दोन-तीन बैठकांत लांबलचक मुलाखत होते, ऑटिझमची लक्षणं बघणारी ५० प्रश्नांची एक्यू नावाची प्रश्नावली असते, आणि लहानपणाबद्दल आईवडिलांना विचारतात. माझ्या आईने जपून ठेवलेली प्राथमिकची प्रगतिपुस्तकं मी घेऊन गेले होते, चारही वर्षं बाईंचा शेरा सारखाच, हुशार आहे पण वर्गात मिसळत नाही. ते वाचून माझ्या सायकॉलॉजिस्ट थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

मिरजेच्या ताईंना एवढंच सांगेन, "माझ्याकडे बघ" हे मला लहानपणी फार ऐकायला लागलं. बघायचं ठरवलं की मला समोरच्याचं बोलणं ऐकू येणं बंद व्हायचं, दोन्ही एकदम जमत नाही. मी भुवईकडे बघायला शिकले आणि सगळ्यांना वाटलं सुधारली. त्यात मी किती थकायचे हे कुणाला दिसलं नाही, म्हणूनच निदानाला ३४ वर्षं लागली. तो माझ्यापेक्षा ३१ वर्षं आधी तिथे जातोय. त्याला चपला ओळीत लावायला आवडतात ना, तर त्याच्या आवडीची एखादी जोडी पिशवीत घालून न्या, त्याला बरं वाटेल.

---

अकोल्याचा_बाबा | ५ जून, रात्री १०:४५

वडलांच्या बाजूने लिहितो. पैशाचं आणि कागदांचं कुणी बोललं नाही म्हणून.

फोनवरच विचारा, एकूण बैठका किती, रिपोर्टचे वेगळे पैसे आहेत का, लेखी रिपोर्ट किती दिवसांत, आणि तो समजावून सांगायला वेगळी वेळ देतात का. नुसता कागद हातात ठेवतात त्यांच्याकडे जाऊ नका. सायकॉलॉजिस्ट आरसीआयला, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे रजिस्टर आहेत का तेही विचारा, त्यात लाजायचं काही नाही.

परवडत नसेल त्यांच्यासाठी, जिल्हा रुग्णालयांमध्ये डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणारं केंद्र असतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, फुकट. आमचं तिथूनच सुरू झालं. थांबावं लागतं पण माणसं चांगली भेटली. अशा मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांपैकी मुंबईला उम्मीद आहे, गोव्यात पर्वरीला सेतू आहे, तिकडच्या लोकांनी चौकशी करावी.

अपंगत्वाचं सर्टिफिकेट हा वेगळा विषय आहे आणि इथे खूप जणांचा घोळ होतो. खासगी रिपोर्टने थेरपी सुरू होते, सरकारी सवलती मिळत नाहीत. त्यासाठी यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, ऑनलाइन अर्ज आणि सरकारी हॉस्पिटलची तपासणी, तिथे इसा लावतात. इसाचा स्कोअर ७० च्या आत असेल तर ऑटिझम धरत नाहीत, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्याच्या वर तीव्र. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त मिळालं तर बहुतेक योजना लागू होतात. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझम नव्हताच, २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत तो आला. निरामय या सरकारी योजनेचा आरोग्य विमा एक लाखापर्यंतचा आहे, दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. आबा, शाळेचं म्हणाल तर याच कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांना अशा मुलाला नाकारता येत नाही. नाकारतात, हेही खरं, पण हातात कागद असला तर भांडता येतं. कागद नसताना आम्हाला तीन शाळांनी परत पाठवलं, कागद घेऊन गेलो तेव्हा चौथीने घेतलं.

आणि एक. रिपोर्ट आला की कुठून कुठून फोन येतील, स्टेम सेलने बरा करतो म्हणणारेही. नॅशनल मेडिकल कमिशनच्या एथिक्स बोर्डाने २०२२ मध्ये ऑटिझमसाठी त्याची शिफारस नाही असं कळवलंय. माझ्या ओळखीतल्या एकाने शेत विकलं. तेच पैसे वर्षानुवर्षांच्या थेरपीला पुरले असते.

---

मिरजेची_आई | ६ जून, रात्री १२:३०

तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, मी दोनदा वाचून काढलं आणि रडून घेतलं. शिकवणी बंद केली. आज संध्याकाळी त्याच्याशेजारी जमिनीवर बसून मीही चपला लावल्या, त्याने माझी एक चप्पल काढून नीट करून परत लावली, आणि पहिल्यांदा रडला नाही.

बेरा सोमवारी आहे. अडचण मिस्टरांची आहे, ते म्हणतात तू जा, मी सुट्टी टाकत नाही, मला ते ऐकायचंच नाहीये. काय करू?

---

अकोल्याचा_बाबा | ६ जून, सकाळी ७:१५

वहिनी, मीही असाच होतो. त्यांना म्हणावं ऐकायला येऊ नका, गाडी चालवायला या. मी दाराबाहेर बसलो होतो, पोरगं आत माझ्या नावाने रडायला लागलं म्हणून मला आत बोलावलं, आणि आत गेल्यावर मी बाहेर आलोच नाही.

---

मिरजेची_आई | २४ जून, रात्री ११:१०

झालं. सगळं सविस्तर लिहिते, पुढे कुणाला तरी उपयोगी पडेल.

बेरा नॉर्मल आली. पुण्याला मिस्टर आले, गाडी चालवायलाच. सकाळी १० ची वेळ मुद्दाम मागून घेतली होती, दुपारी झोपेच्या वेळी तो हाताबाहेर जातो म्हणून. खोलीत गेल्या गेल्या त्याने जे भोकाड पसरलं ते वीस-पंचवीस मिनिटं, मग टेबलाखाली जाऊन बसला. माझे हातपाय गार पडले. तर त्या मॅडम स्वतः खाली जमिनीवर बसल्या, टेबलाखालीच साबणाचे फुगे सोडायला लागल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. पाचेक मिनिटांनी याचा हात बाहेर आला. मग त्यांनी फुगे बंद केले आणि नुसती वाट बघितली. त्याने त्यांचं मनगट धरून बाटलीकडे नेलं, माठापाशी माझं नेतो तसंच. मी एकदम म्हणाले, "असंच करतो, घरी असंच करतो!" त्या हसल्या आणि लिहून घेतलं.

लाकडी आकार दोन मिनिटांत बसवले. बाहुलीकडे ढुंकून बघितलं नाही, केकची मेणबत्ती मात्र काढून ओळीत लावली. घरातले शब्द लिहून नेले होते ते फार कामी आले.

मला विचारलेल्या प्रश्नांपैकी एक अजून डोक्यातून जात नाहीये. "तो तुम्हाला काही दाखवायला आणतो का?" मी म्हटलं हो, डबा आणून देतो उघडायला, रिमोट आणून देतो. त्या म्हणाल्या, ते मदतीसाठी झालं. नुसतं दाखवायला, "बघ ना आई" म्हणून, काही नको असताना? मी गप्प झाले. मिस्टरांकडे बघितलं तर ते खाली बघत होते. आम्ही साडेतीन वर्षांत ते कधी बघितलंच नाही, आणि नाहीये हे आम्हाला कळलंही नव्हतं, कारण हे आमचं पहिलंच मूल, आम्हाला काय माहीत की मुलं असं करतात. जिन्यात मिस्टर म्हणाले, "माझ्या बहिणीचा बाळू सारखं मामा हे बघ, मामा ते बघ करतो, मला वैताग यायचा." एवढंच म्हणाले आणि गाडीत बसल्यावर बराच वेळ गाडी सुरू केली नाही.

आठवड्याने समजावून सांगायला बोलावलं. ऑटिझम आहे. कार्सवर ३४, सौम्य ते मध्यम यामध्ये. बुद्धीबद्दल आत्ता काही ठरवत नाही, बोलणं आलं की पाच वर्षांनंतर बघू म्हणाल्या. एमआरआयची गरज नाही म्हणाल्या, फिट वगैरे कधी आलेली नाही म्हणून. रिपोर्ट ११ पानांचा आहे आणि त्यात शेवटची तीन पानं घरी काय करायचं याचीच आहेत. मी विचारलं, सव्वादोन वर्षांचा असताना आले असते तर? त्यांनी उगाच समजूत काढली नाही. म्हणाल्या, तेव्हा सुरू झालं असतं तर चांगलंच होतं, आता आजपासून सुरू करू. मला ते खरं उत्तर बरं वाटलं.

सांगलीत मंगळवारपासून स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) सुरू होतेय, आठवड्यातून दोनदा. सासूबाईंना रिपोर्ट मिस्टरांनीच वाचून दाखवला, मराठी करून करून.

रानजाईताई, एक विचारायचं होतं. त्यांनी चित्रांची कार्डं करायला सांगितलीत, हवं ते कार्ड त्याने उचलून हातात द्यायचं. पाण्याचं कार्ड करतेय. बाजारातल्या तक्त्यावर काचेचा ग्लास असतो, तो चालेल का आमच्या माठाचाच फोटो काढू?

---

रानजाई | २५ जून, सकाळी ८:०५

तुमच्या माठाचाच काढा, तोटीसकट, आणि त्याचं भांडं ठेवून. जाड कागदावर चिकटवून वरून प्लास्टिक लावा, ओलं होणार आहे. माठाशेजारी त्याच्या छातीच्या उंचीवर वेल्क्रोने लावून ठेवा. पहिले काही दिवस त्याने तुमचं मनगट धरलं की मिस्टरांनी मागून त्याचा हात कार्डापर्यंत न्यायचा आणि तुम्ही "पाणी" म्हणून लगेच द्यायचं, त्या क्षणी बाकी काही बोलायचं नाही, बघ वगैरे म्हणायचं नाही. मिस्टर घरी कधी असतात ती वेळ धरा, सुरुवातीला दोन माणसं लागतातच.